घराण्याची वंशावळ करून घेण्याआधी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मुंबईतली बरीच घराणी आपले मूळ एखाद्या राजाशी किंवा सरदाराशी जोडतात. कुणी बिंबराजाबरोबर माहीमला आलेले, कुणी देवगिरीच्या यादवांचे, तर कुणी थेट चितोडचे. ही परंपरा आम्ही नोंदवून घेतो, खोडत नाही. मात्र दोन नावांमधली रेघ ओढतो ती कागद, ताम्रपट किंवा शिलालेख दाखवील तेव्हाच. त्यामुळे तुमच्या हातात येणारी वंशावळ घरात ऐकलेल्या वंशावळीपेक्षा आखूड निघण्याची शक्यता जास्त. हे कामाला हात घालण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

राजांची यादी म्हणजे वंशावळ नव्हे

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. उदाहरण आपल्या दाराशीच आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांची नावे गादीवर बसण्याच्या क्रमाने अशी येतात: अपराजित, वज्जड, अरिकेसरी, छित्तराज, नागार्जुन, मुम्मुणी, अनंतदेव. एकाखाली एक लिहिली की सात पिढ्या वाटतात. प्रत्यक्षात त्या चारच. वज्जड आणि अरिकेसरी हे भाऊ. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघेही वज्जडाचे मुलगे. आणि अनंतदेव हा मुम्मुणीचा नव्हे, नागार्जुनाचा मुलगा.

पडताळा सोपा आहे. अपराजिताचा भादाण ताम्रपट शके ९१९ चा (इ.स. ९९७) आणि अनंतदेवाचा खारेपाटण ताम्रपट शके १०१६ चा (इ.स. १०९४-९५). मध्ये सुमारे ९७ वर्षे. चार पिढ्या धरल्या तर मध्ये तीन अंतरे, म्हणजे पिढीमागे ३२ वर्षे पडतात, ते पटते. सात धरल्या तर सहा अंतरे आणि १६ वर्षे, म्हणजे प्रत्येक बाप सोळाव्या वर्षी बाप झाला असे म्हणावे लागेल. मधल्या छित्तराजाचा शके ९४८ चा ताम्रपट भांडुपचा, आणि मुम्मुणीचा शके ९८२ चा लेख अंबरनाथच्या देवळात आहे. त्या दोन्ही वर्षांत मिळून एकच पिढी.

संस्कृत लेखांतले शब्दही नीट पाहावे लागतात. ‘तत्पुत्र’ म्हणजे मुलगा, ‘तदनुज’ म्हणजे धाकटा भाऊ. ‘पादानुध्यात’ म्हणजे आधीच्याच्या पायांचे चिंतन करणारा. त्यातून वारसा कळतो, नाते कळेलच असे नाही. देवगिरीला सिंघणानंतर कृष्ण आला तो नातू म्हणून, कारण मधला जैतुगी आधीच वारला होता. कृष्णानंतर त्याचा भाऊ महादेव, आणि पुढे महादेवाच्या मुलाला बाजूला सारून कृष्णाचा मुलगा रामचंद्र. नुसत्या यादीवरून हे कुणालाही कळणार नाही.

पिढ्या मोजून पाहा

तुमच्याकडे आधीची तयार वंशावळ असेल तर आमच्याकडे येण्यापूर्वी घरीच एक हिशेब करा. दोन खात्रीच्या वर्षांमधले अंतर घ्या आणि २५ ते ३० ने भागा. यादवांचे राज्य १३१७-१८ च्या सुमारास संपले. त्यांचे वंशज म्हणवणारे सिंदखेडचे लखुजी जाधवराव १६२९ मध्ये दौलताबादेस मारले गेले. मध्ये ३११ वर्षे, म्हणजे दहा ते बारा पिढ्या हव्यात. या जागी कुणी चार-पाच नावे लिहून आणली, तर मधली गळाली आहेत किंवा कुणीतरी दोन टोके घाईने बांधली आहेत. उलट वीस नावे निघाली, तर भावांना बाप-लेक केलेले असते. भोसल्यांच्या बाबतीत बाबाजींपासून पुढे, मालोजी-विठोजी आणि मग शहाजी-शरीफजी, अशी मांडणी कागदांवर उभी राहते. त्यामागे चितोडपर्यंतचा भाग आम्ही तुटक रेघेनेच काढतो.

तारखा

मोडी कागदात बहुधा शुहूर सन ही जुनी वर्षगणना असते, तीही अरबी आकडेशब्दांत, एकं आधी आणि हजार शेवटी. ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे ५ + ७० + १००० = १०७५. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे इ.स. १६७४-७५, शिवरायांच्या राज्याभिषेकाचे वर्ष. चूक होते ती जोडशब्दांत: अर्बा ४ पण अर्बैन ४०, सबा ७ पण सबैन ७०, तिसा ९ पण तिसैन ९०. ‘सबैन व अलफ’ला ‘सबा व अलफ’ वाचले की कागद ६३ वर्षे मागे जातो आणि नातू आजोबाच्या जागी बसतो.

शकाला ७८ मिळवतात हे सगळ्यांना ठाऊक असते. वर्षाच्या शेवटी ७९ मिळवावे लागतात हे विसरले जाते. शके १५९६ ज्येष्ठ म्हणजे १६७४, पण शके १५५१ फाल्गुन म्हणजे १६३०. शकाबरोबर संवत्सराचे नाव असेल तर उत्तमच. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी तो संवत्सराचा क्रमांक. १५९६ ला बाकी ४८ उरते, अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद, आणि राज्याभिषेकाला आनंदच आहे. आकडा आणि नाव जुळत नसेल तर नक्कल करणाऱ्याचा हात चुकला आहे किंवा कागदच बनावट आहे. मुंबईतल्या इंग्रजी पत्रांच्या तारखा १७५२ पर्यंत जुन्या पंचांगाच्या, पोर्तुगिजांच्या १५८२ नंतर नव्या. एकाच घटनेत दहा-अकरा दिवसांचा फरक दिसला तर घाबरू नका.

कोणता कागद किती वजनाचा

वतनाच्या तंट्यात दोन्ही बाजू आपापला करीना लिहून देत, म्हणजे घराण्याची हकीकत. त्यात प्रत्येकाने आपली शाखा थोरली दाखवलेली असते, म्हणून एकट्या करिन्यावर आम्ही विसंबत नाही. प्रतिपक्षाने जे नाव मान्य केले, ते मात्र सोन्यासारखे. भाऊबंदकीने घरे मोडली, पण वंशावळी त्याच भांडणांनी राखल्या. निवाडा आणि महजर (सभेपुढे झालेल्या निर्णयाचा लेख) यांत गोतातल्या साक्षीदारांसमोर ठरलेले नाते सापडते. वाटणीपत्रात सगळे भाऊ एका जागी मिळतात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली बाप-आजा-भाऊ ही नावे असतात. त्या तीन पिढ्या भरवशाच्या. कोल्हापूर-सांगलीकडचे हेळवी वहीतून वंश वाचतात, तेथे अलीकडचा भाग चांगला, मुळाकडचा परंपरेचा.

आडनावावर फार भिस्त ठेवू नका. देशमुख, देशपांडे, पाटील, सरदेसाई हे हुद्दे आहेत. एका गावचे दोन देशमुख एका रक्ताचे असतीलच असे नाही. कुलाब्याचे आंग्रे मूळचे संकपाळ. आजोबाचे किंवा काकाचे नाव पुढच्या मुलाला देण्याच्या रीतीमुळे नावेही फिरून येतात: शिवरायांचे थोरले बंधू संभाजी, पुत्र संभाजी आणि कोल्हापूर गादीचेही संभाजी. म्हणून प्रत्येक नावापुढे आम्ही बापाचे नाव, गाव आणि पहिल्या-शेवटच्या उल्लेखाचे वर्ष लिहितो.

दत्तक नागमोडी रेघेने दाखवतो आणि जन्मघराणेही देतो. कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले. ही नोंद गाळली तर झाड अर्धेच. मुलींची नावे माहेरच्या कागदात क्वचित असतात, ती सासरच्या कागदात शोधावी लागतात. त्यासाठी सोयरिकीच्या घराण्यांची नावे आठवतील तेवढी द्या.

येताना काय आणावे

सातबारा आणि जुने फेरफार, गाव नमुना १४ (कोतवाल बुक) मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचा दाखला, कुलदैवत, देवक आणि मूळ गाव, तालुक्यासह. यांवरून साधारण चार-पाच पिढ्या बांधल्या जातात. त्यापुढे काळा घोड्याचे पुराभिलेख आणि पुण्याचे पेशवे दप्तर. तेथे कागद रुमालांत बांधलेले असतात, म्हणून गाव आणि परगणा नक्की नसेल तर महिने जातात आणि हाती काही लागत नाही.

घरात मोडी कागद असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, घड्या इस्त्रीने काढू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. बंदाला बंद (ताव) चिकटवलेल्या लांब कागदात जोडावरचे शिक्के मागच्या बाजूला असतात, आणि पुढच्याच बाजूचा फोटो आणला की कागद सलग आहे की मधला बंद गहाळ आहे, हे सांगता येत नाही.

ही वंशावळ वारस नोंदीला किंवा जात पडताळणीला चालत नाही; तेथे शपथपत्रावरची वेगळी लागते. छापील प्रत ए-वन कागदावर (५९४ × ८४१ मिमी) देतो, त्यावर सात-आठ पिढ्या वाचता येतील अशा मावतात. सोबतच्या वहीत प्रत्येक रेघेमागचा कागद, त्याचा रुमाल क्रमांक आणि आमचे वाचन असते. वाचनावर शंका असेल तर दुसऱ्या मोडी वाचकाकडून जरूर तपासून घ्या. चूक निघाली तर तेवढा भाग विनामूल्य पुन्हा छापून मिळेल.