सोर्स खुला आहे, पण फोनमधली फाइल तीच आहे का?

पीएम किसानचा हप्ता यायची वेळ झाली की गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एपीके फाइल फिरायला लागते. नाव ‘पीएम किसान’, वर अशोकस्तंभ, खाली मजकूर: केवायसी बाकी आहे, ॲप टाका, नाही तर दोन हजार अडकतील. हीच फाइल कधी आरटीओचं चलान होऊन येते, कधी लग्नपत्रिका होऊन. पाठवणारा बरेचदा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो आणि फाइल त्याच्या नावाने पुढे जात असते.

यावर जाणकार मंडळी हमखास एक सल्ला देतात: ओपन सोर्स ॲप वापरा, त्यात लपवाछपवी नसते. हा सल्ला अर्धाच खरा आहे. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. फोनमध्ये तो मजकूर जात नाही, त्यापासून तयार केलेली फाइल जाते. मजकूर चारचौघांत मांडलेला आणि फाइल मात्र भलत्याच मजकुरापासून बनलेली, असं असेल तर त्या खुलेपणाचा शेतकऱ्याला काय उपयोग? खरा प्रश्न या दोन टोकांमधल्या दुव्याचा आहे, आणि तो दुवा तपासायला कोणाच्याही शब्दावर विसंबावं लागत नाही. गणित पुरतं.

आधी एपीके म्हणजे काय ते पाहू. ती आतून साधी झिप फाइल असते. आत एक मॅनिफेस्ट असतो, त्यात ॲपचं नाव आणि मागितलेल्या परवानग्यांची यादी. मग प्रत्यक्ष प्रोग्राम, चित्रं आणि शेवटी सही. नाव आणि चिन्ह फाइल बनवणारा स्वतः भरतो, त्यामुळे अशोकस्तंभ कोणालाही टाकता येतो. चोराला हवी असते ती एसएमएस वाचायची परवानगी, कारण बँकेचा ओटीपी तिथेच येतो. मोजके अपवाद सोडले तर ही परवानगी मागणाऱ्या ॲपना गूगल प्ले २०१९ पासून दारातच अडवतं. म्हणून अशी फाइल प्लेवरून न येता व्हॉट्सॲपवरून येते.

आता सही. अँड्रॉइड सही नसलेली एपीके बसवतच नाही. हे ऐकून अनेकांना हायसं वाटतं, पण ती सही कोणीही स्वतःच तयार करू शकतो. कोणतंही सरकारी कार्यालय ती प्रमाणित करत नाही. अँड्रॉइड फक्त एवढंच बघतं की अपडेटवरची सही आधी बसलेल्या ॲपच्या सहीच्याच किल्लीने, म्हणजे सही करणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेल्या गुप्त आकड्याने, केलेली आहे का. नसेल तर ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही, पॅकेज जुळत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. त्या वेळी ‘जुनं ॲप काढून टाका, मग हे टाका’ असं कोणी फोनवर सांगू लागला, तर तिथेच फोन ठेवावा. जुनं ॲप काढलं की तुलना करायला काही उरतच नाही.

सही मात्र अख्ख्या फाइलवर होत नाही. आधी फाइलचा हॅश काढतात आणि सही त्या हॅशवर होते. हॅश हा या साऱ्या विषयाचा कणा आहे, म्हणून तो जरा निवांत पाहू.

एसएचए-२५६ नावाची एक पद्धत आहे. तिच्यात काहीही घाला, पाच अक्षरांचा शब्द किंवा पाच जीबीची फाइल, बाहेर येतात नेमके २५६ बिट, म्हणजे २५६ शून्यं-एक. हाच हॅश. लिहिताना ते ६४ चिन्हांत लिहितात: ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं. इंग्रजीत छोट्या लिपीत ‘हेलो’ लिहिलं तर उत्तराची सुरुवात २सीएफ२४डीबीए अशी होते. फक्त पहिलं अक्षर मोठ्या लिपीत केलं तर १८५एफ८डीबी३. संगणकाच्या दृष्टीने छोट्या आणि मोठ्या एचमध्ये एकाच बिटचा फरक असतो, तरी पुढची सगळी चिन्हं विस्कटून जातात. एका बिटच्या बदलाने उत्तरातले साधारण निम्मे बिट उलटावेत, अशीच ही रचना आहे.

आत काय होतं? मजकुराचे ६४-६४ बाइटचे तुकडे पडतात. शेवटच्या तुकड्यात मजकूर संपल्याची खूण म्हणून एक ‘१’, मग शून्यं आणि सर्वांत शेवटी मूळ लांबी भरतात. प्रत्येक तुकडा ताणून त्याचे ३२ बिटांचे ६४ शब्द करतात. बाजूला ३२ बिटांचे आठ कप्पे असतात. मग ६४ फेऱ्या. दर फेरीत एका कप्प्यातले बिट २, १३ आणि २२ जागा फिरवून, दुसऱ्यातले ६, ११ आणि २५ जागा फिरवून ते आपसांत मिसळतात, त्यात मजकुराचा एक शब्द आणि एक ठरलेला आकडा मिळवतात, आणि बेरीज ३२ बिटांच्या बाहेर गेली तर वरचा हातचा सोडून देतात. कप्पे एक घर सरकतात आणि पुढची फेरी सुरू होते. यात एकही पायरी अवघड नाही, चिकाटी असेल तर वहीवरही करता येते. पण हातचे सोडत आणि बिट मिसळत ६४ फेऱ्या झाल्या की उलट्या वाटेने मूळ मजकूर शोधणं किंवा तोच हॅश देणारी दुसरी फाइल जुळवणं आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात राहत नाही. शक्य उत्तरांची संख्याच ७८ अंकी आहे.

आता एक अस्वस्थ करणारी गोष्ट. ही पद्धत अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने तयार केली. मग तिच्यावर विश्वास का ठेवायचा? उत्तर त्या ठरलेल्या आकड्यांत आहे. आठ कप्प्यांचे सुरुवातीचे आकडे पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांच्या अपूर्णांकातून घेतले आहेत आणि फेऱ्यांतले ६४ आकडे पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पडताळून बघा. २ चं वर्गमूळ काढा, त्यातून १ वजा करा, उरलेल्याला ४२९४९६७२९६ ने, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताने, गुणा. दशांश चिन्हाआधी १७७९०३३७०३ येतं. हाच एसएचए-२५६ चा पहिला आकडा, दुनियेतल्या प्रत्येक संगणकात हाच. २ चं वर्गमूळ एनएसएने ठरवलेलं नाही, त्यामुळे आकडा निवडताना आत चोरवाट ठेवायला फारशी जागाच उरत नाही.

ही काळजी उगाच नाही. ड्युअल ईसी डीआरबीजी नावाची यादृच्छिक आकडे बनवण्याची पद्धत २००६ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यातले दोन आकडे कुठून आले, याचा पटणारा खुलासा नव्हता. ज्याने ते निवडले त्याला पुढचे सगळे आकडे ओळखता येतील, हे २००७ मध्येच डॅन शुमोव आणि निल्स फर्ग्युसन यांनी दाखवून दिलं. २०१३ मध्ये एनएसएची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आल्यावर संशय बळावला आणि २०१४ मध्ये एनआयएसटीने ती पद्धत मागे घेतली. एकच संस्था, दोन पद्धती. एक तपासता येते, दुसरी येत नव्हती. कंपनीबद्दल, सरकारबद्दल मत बनवतानाही मी हीच कसोटी लावतो: तिचा हेतू चांगला आहे का, हे मला कळणार नाही, पण तिचं काम तपासता येतं का, हे नक्की कळतं.

हॅशचा रोजचा उपयोगही मोठा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली प्रणाली टाकायची असेल तर दोन-तीन जीबीची फाइल उतरवावी लागते, आणि गावातलं नेटवर्क मध्येच तुटतं. फाइल पूर्ण दिसते, पण इन्स्टॉल अर्ध्यावर बंद पडतं, आणि दोष पेनड्राइव्हला दिला जातो. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड आधीपासून असते. तिला हॅशफाइल हा पर्याय, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ असं दिलं की ६४ चिन्हं मिळतात. ती संकेतस्थळावरच्या चिन्हांशी ताडून बघायची. शेवटचं एसएचए२५६ लिहायचं राहिलं तर ती कमांड जुना एसएचए-१ काढते, ४० चिन्हं येतात आणि चांगली फाइल खराब वाटते. वरचा ‘हेलो’चा प्रयोग करताना शब्दानंतर एंटर दाबू नका. तेही एक अक्षर धरलं जातं आणि उत्तर बदलतं.

मर्यादाही लक्षात ठेवा. फाइल आणि तिचा हॅश एकाच पानावर असतील तर पानात घुसलेला चोर दोन्ही बदलू शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या संकेतस्थळात घुसून चोरांनी डाउनलोडची लिंक चोरवाट असलेल्या फाइलकडे वळवली होती. म्हणून हॅशवर प्रकल्पाची सहीही असेल तर ती तपासावी.

आता मूळ प्रश्नाकडे. फाइल वाटेत बदलली नाही, एवढं हॅशने कळलं. पण ती खुल्या सोर्सपासूनच बनली का? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या, फाइल आकसून छोटी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. जिया टॅन या नावाने काम करणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून त्या प्रकल्पात हळूहळू विश्वास कमावला होता. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या वाटपाच्या फाइलमध्ये एक असा तुकडा होता, जो सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्सच्या कोठारात नव्हता. तोच बांधणीच्या वेळी, म्हणजे सोर्सपासून फाइल बनवताना, चाचणीच्या नावाखाली ठेवलेल्या फाइलींतून घातक भाग बाहेर काढायचा. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्या संगणकात लॉगिन व्हायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं जाणवलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि प्रकरण उघडं पडलं. ‘सोर्स खुला आहे, हजारो डोळे बघतात’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. इंटरनेटवरचं संभाषण कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही चूक तर एप्रिल २०१४ पर्यंत दोनेक वर्षं उघड्यावर पडून होती.

यावरचा उपाय म्हणजे पुनरुत्पादनीय बिल्ड. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल वाचणं वेगळं, आणि शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते स्वतः मोजणं वेगळं. सोयाबीन पेरणारा शेतकरी दुसरी पद्धत जाणतो. सॉफ्टवेअरमध्येही तसंच: खुला सोर्स घ्या, आपल्या संगणकावर त्यापासून फाइल बनवा आणि तिचा हॅश वाटलेल्या फाइलच्या हॅशशी, फाइलवर सही असेल तर ती वगळून, ताडून बघा. ६४ चिन्हं जुळली तर दुवा पक्का.

वाटतं तितकं हे सोपं नाही. बांधणी करताना फाइलमध्ये तारीख-वेळ शिरते, फोल्डरचा पत्ता शिरतो, फाइलींचा क्रम संगणकागणिक बदलतो, आणि एका बिटने हॅश विस्कटतो हे वर पाहिलंच. म्हणून तारीख बाहेरून ठरवून देतात, क्रम वर्णानुक्रमे लावतात, सोर्सपासून फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामची, म्हणजे कंपायलरची, आवृत्ती पक्की करतात. डेबियन हा लिनक्सचा प्रकार बनवणारा प्रकल्प २०१३ पासून या कामात आहे. सिग्नल या मेसेजिंग सेवेच्या अँड्रॉइड ॲपने ही सोय २०१६ मध्ये दिली. ही पडताळणी शेतकऱ्याने स्वतः करायची गरज नाही. कोणालाही करता येते, काही जण करतात आणि न जुळल्यास बोंब होते, एवढं पुरेसं असतं. सरकारी ॲपकडूनही हीच अपेक्षा हवी. आरोग्य सेतूचा अँड्रॉइड कोड मे २०२० मध्ये खुला झाला ते स्वागतार्हच होतं, पण सर्व्हरचा कोड तेव्हा सोबत नव्हता. आणि सर्व्हर असा आहे की त्याचा कोड खुला केला तरी तिथे तोच चालू आहे हे तुम्हाला घरबसल्या पडताळता येत नाही. म्हणून जी माहिती फोनबाहेर गेलीच नाही, तीच खऱ्या अर्थाने सुरक्षित.

प्लेवर टाकलेल्या नव्या ॲपच्या सहीची किल्ली ऑगस्ट २०२१ पासून गूगलकडेच असते, तिथे भरवसा गूगलवर. एफ-ड्रॉइड हे दालन ॲप स्वतः सोर्सपासून बांधतं आणि बहुतेक वेळा स्वतःची सही करतं, तिथे भरवसा त्यांच्यावर. म्हणूनच प्लेवरच्या ॲपवर एफ-ड्रॉइडची प्रत सहसा बसत नाही. तो व्हायरस नाही, सहीचा फरक आहे. जुनं काढून नवं टाकाल तर आतला डेटा जातो, आधी बॅकअप घ्या.

‘तिसरी लाल टिक आली म्हणजे सरकार मेसेज वाचतंय’ किंवा ‘मी फेसबुकला माझे फोटो वापरू देत नाही, हे पुढे पाठवा’ असल्या मेसेजना काही आधार नाही. अशी टिक अस्तित्वात नाही, आणि खातं उघडताना मान्य केलेल्या अटी भिंतीवर लिहून बदलत नाहीत. ‘मिलिटरी ग्रेड सुरक्षा’ या जाहिरातीचंही तेच: किल्ली कोणाकडे आहे ते सांगत नसतील तर त्या शब्दांतून काहीच कळत नाही.

आजच करण्यासारखं: सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग विशेष ॲक्सेस, मग अनोळखी ॲप इन्स्टॉल करा, आणि तिथे व्हॉट्सॲप, क्रोम व फाइल मॅनेजर बंद करा. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी वेगळी दिसतील. मग परवानगी व्यवस्थापकात एसएमएस उघडून कोण कोण आहे ते बघा. पीक पाहणीच्या ॲपला कॅमेरा आणि लोकेशन लागणारच. एसएमएस मागणाऱ्या टॉर्चला किंवा कॅलेंडरला तिथे काही काम नाही. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे पडदा वाचायची आणि स्वतः बटणं दाबायची परवानगी, सहज मिळत नाही, ‘प्रतिबंधित सेटिंग’ असं दिसतं. ते उठवायला सांगणारा माणूस चोरच समजा.

फाइल बसलीच असेल तर आधी विमान मोड, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय गोठवा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. पासवर्ड दुसऱ्याच फोनवरून बदला. पुरावा म्हणून मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर आणि फाइलचं नाव यांचे फोटो काढून ठेवा आणि त्यानंतरच फोन फॅक्टरी रीसेट करा. जुना बॅकअप परत घेताना व्हॉट्सॲपच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये तीच एपीके पुन्हा येऊ शकते, ती आधी शोधून काढून टाका.