पत्र्याची खोली आणि 46 हर्ट्झ

लातूरचा माझा भाचा, बारावी झालेली, कानात दिवसभर मेटल (लई जोरकस रॉक). परवा फोन केला, "मामा, आठ तारी गिटार घेऊ का बास? पैसे एकाचेच हायत." बास म्हणजे खालच्या सुरांची, जाड तारांची गिटार. त्याचा हिशोब असा की आठ तारीत बासपण निघतोय, मग दोन दोन कामून घ्यायचे?

कागदावर पोरगं बरोबरच आहे. साध्या सहा तारी गिटारची सगळ्यात जाड तार म्हणजे ई (ई, बी, एफ शार्प ही पाश्चात्त्य सुरांची नावं), ती सेकंदाला साधारण 82 वेळा थरथरते, म्हणजे 82 हर्ट्झ. सात तारीची खालची बी 62, आठ तारीची एफ शार्प 46, आणि चार तारी बासची ई 41. म्हणजे 46 आणि 41 मधे सा आणि रे एवढंच अंतर!

पण ही आयडिया मी कॉलेजात सहा तारीवरच करून बसलोय. ई तारेची खुंटी सैल करत करत एफ शार्पला आणली, तर तार अशी लोंबली की पिक (तार छेडायची चकती) मारला की फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखड, आणि सूर सुरुवातीला चढा लागून मग घसरत खाली यायचा. कारण तारेचा ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या हिशोबाने बदलतो, 82 वरनं 46 वर आलं की ताण एक तृतीयांशाच्याही खाली, जिथं आठ किलो होता तिथं जेमतेम अडीच. मग ताण टिकवून सूर खाली न्यायचा तर दोनच रस्ते, तार लांब करा नाहीतर जड करा. म्हणून आठ तारी गिटारच्या तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंचाच्या जागी 27 इंच किंवा त्याच्या पुढं असते, आणि खालची तार एक इंचाच्या हजाराव्या भागात मोजली तर 46 ऐवजी 74 ते 80 जाडीची लागते.

आता नुसती जाड करत गेलं तर तार तार राहत नाही, सळई होती. ताठ तारेचे वरचे स्वर मूळ सुराच्या नेमक्या पटीत येत नाहीत, थोडे चढे येतात, आणि कानाला ते बेसूर लागतं. म्हणून पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळतात, वजन वाढतं पण ताठपणा तेवढा वाढत नाही. (तानपुऱ्यात खर्जाला पोलाद सोडून पितळेची तार लावतात, तिथंही भानगड वजनाचीच आहे.) बासला 34 इंच लांबी मिळते म्हणून तिची 105 जाडीची ई तार सोळा सतरा किलोच्या ताणावर मोकळी वाजते. हे आठ तारीला जमत नाही, कितीही महाग घ्या.

आणि खरी गंमत तर पुढं आहे. मेटल म्हणजे डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज), आणि डिस्टॉर्शनमधे दोन सूर एकत्र घातले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर आपोआप तयार होतो. सहा तारीवर ई आणि बी चा पॉवर कॉर्ड (सा आणि प एकत्र) घ्या, 82 आणि 123 चा फरक 41, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला ई, फुकटात मिळालेला बास! हेच आठ तारीवर एफ शार्पला केलं तर 46 आणि 69 चा फरक 23, जो कानाच्या 20 हर्ट्झच्या उंबरठ्यावर लोळत राहतो आणि सगळा नुसता चिखल होतो. त्यामुळं तिथं बहुतेक लोक एकेक सूरच तोडून तोडून वाजवतात. त्यात गिटारच्या कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) 12 इंची स्पीकर साधारण 70-80 हर्ट्झच्या खाली ढिला पडत जातो, आणि रेकॉर्डिंगवालेही गिटारचा तेवढा भाग बऱ्याचदा कापूनच टाकतात.

मग एफ शार्प ऐकू कसा येतो? तर आपला मेंदू भरून काढतो. 92, 139, 185 असे वरचे स्वर कानात आले की मेंदू त्यावरनं तळाचा 46 लावून घेतो, म्हणून मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवरपण बासची चाल कळते. पण कळणं वेगळं आणि छातीत धडकणं वेगळं. आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या दरबारात 13व्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीत रत्नाकरात लिहून ठेवलंय, मंद्र छातीत, मध्य गळ्यात, तार डोक्यात, आणि प्रत्येक पुढचा दुप्पट. तो गळ्याबद्दल बोलत होता, पण बासच्या अँपसमोर (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रासमोर) उभं राहिलं की लगेच पटतं. स्वीडनच्या मेशुगाह बँडने आठ तारी मेटलमधे रुजवली, लई खाली वाजवतात, तरी त्यांच्यात बासवाला आहेच की!

म्हणून मी भाच्याला एवढंच विचारलं, तुमच्यात बास कोण वाजवतंय? तर म्हणे कुणीच नाही, दोन गिटार आणि एक ड्रम. मग कशाला आठ तारीच्या मागं लागतोस, बास घे, आणि अजून खाली जायचं असेल तर पाच तारी बघ, तिची बी 31 हर्ट्झला जाते. फक्त ती गिटारच्या अँपला लावून जोरात वाजवू नको, स्पीकरचा कोन (आतला पडदा) फाटंल.

वरनं त्याची तक्रार अशी की त्यांच्या प्रॅक्टिसच्या खोलीत, विटांच्या भिंती आणि वर पत्रे, मित्राची आठ तारी लावली की एकाच सुराला सगळी खोली घुमू लागते न् पत्रे थडथड वाजतात, गिटारच फॉल्टी असणार. मी विचारलं खोली किती लांब? बारा फूट असंल म्हणे. बारा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमधे पहिली लाट नेमकी बसती आणि घुमती ती 47 हर्ट्झची, आणि एफ शार्प 46. गिटारचा काय दोष! फोन ठेवला आणि गडी टेप घेऊन खोली मोजायला गेला.