बुलपप एअर रायफल: आकाराची नक्कल आणि आतला कस

मराठवाड्यात बहुतेकांच्या हातात आलेली पहिली एअर रायफल ही जत्रेतली. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की येरमाळ्याची, फुगे फोडायच्या पालात तीच लांब नळीची, लाकडी दस्त्याची बंदूक असते. नळी मोडून छर्रा घालायचा, नळी परत बसवायची आणि चाप ओढायचा. आता संभाजीनगर, नांदेड, लातूरची हौशी मंडळी मोबाईलवर दाखवतात ती बंदूक वेगळीच दिसते: आखूड आणि काळी, छऱ्याचं मॅगझिन थेट गालापाशी. हीच बुलपप. ती दाखवली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ओरिजिनल आहे का कॉपी? प्रश्न रास्त आहे, पण एअर रायफलीच्या इतिहासात त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण हा धंदा पहिल्यापासून एकमेकांचं पाहूनच वाढला आहे.

जत्रेतल्या बंदुकीचंच घ्या. तिच्या घडणीमागचं मोठं नाव डायना. जर्मनीतल्या रास्टाट गावची मायर अँड ग्रामेलस्पाखर ही १८९०ची कंपनी या नावाने बंदुका बनवत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची यंत्रसामग्री युद्धभरपाईत ब्रिटनला गेली आणि नावासकट स्कॉटलंडमधल्या मदरवेलच्या मिलब्रो कंपनीकडे आली. १९५०च्या सुमाराला रास्टाटमध्ये पुन्हा उत्पादन सुरू झालं, तेव्हा ब्रिटनच्या बाजारात ‘डायना’ हे नाव मूळ कंपनीलाच लावता येईना. तिथे तिने आपला माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकला. म्हणजे एका काळी ब्रिटिश दुकानात डायना मागितली तर स्कॉटलंडची बंदूक मिळायची आणि खरी डायना दुसऱ्या नावाखाली शेजारी उभी असायची.

आपल्याकडे इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या ‘नॅशनल’ एअर रायफली जुन्या लोकांना आठवतील. त्यांचं वळण युरोपातल्या स्प्रिंगच्या बंदुकांचंच होतं, आणि त्यांतल्या कितीतरी आजही चालू आहेत. चीनने अमेरिकेच्या क्रॉसमन १६०वरून क्यूबी ७८ काढली. मूळ मॉडेल १९७०च्या आसपास बंद पडलं, नक्कल मात्र पुढे कित्येक वर्षं विकली गेली आणि स्वस्त असूनही नेम धरणारी म्हणून तिने नाव कमावलं.

आता बुलपपकडे येऊ. बंदुकीचं यंत्र चापाच्या पुढे न ठेवता मागे, दस्त्याच्या पोटात बसवायचं, एवढीच ही कल्पना आहे. नळीची लांबी तीच राहते, पण एकूण बंदूक आखूड होते. ५० सेंटिमीटर नळीची साधी एअर रायफल मीटरभर लांब होते, तीच नळी बुलपपमध्ये ७० ते ७५ सेंटिमीटरमध्ये मावते. कल्पना सैन्यातून आली. १९०१ची ब्रिटिश थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइन हे तिचं सुरुवातीचं उदाहरण. ब्रिटनने १९५१मध्ये ईएम-२ स्वीकारली आणि लगेच सोडूनही दिली. कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती ऑस्ट्रियाने १९७७मध्ये स्टायर ऑग घेतली तेव्हा. ब्रिटनची एल८५ १९८५मध्ये आली, पण तिच्या इतक्या तक्रारी झाल्या की पुढे हेकलर अँड कोख या जर्मन कंपनीकडून ती सुधारून घ्यावी लागली. बाहेरचा आराखडा बरोबर असूनही आतलं काम कच्चं राहिलं तर काय होतं, हे एका देशाच्या सैन्याने तेव्हा अनुभवलं.

स्प्रिंगच्या हवेच्या बंदुकीला ही रचना फारशी मानवत नाही. लांब स्प्रिंग आणि दट्ट्या गालाखाली ठेवायचे, वर नळी मोडायला जागाही हवी, असा पेच पडतो. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी बंदुकीत यंत्र म्हणजे एक छोटी झडप आणि तिच्यावर आपटणारा हातोडा. ते कुठेही बसतं. ही पद्धतही नवी नाही. बार्तोलोमेओ जिरार्दोनीची रायफल १७८०च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्यात होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती, ती भरायला पंपाचे सुमारे १५०० झटके मारावे लागत आणि एका दमात २०च्या आसपास गोळ्या सुटत. अमेरिकेत लुइस आणि क्लार्क या शोधप्रवाशांनी १८०३ ते १८०६च्या मोहिमेत अशीच एक बरोबर नेली होती. ऑस्ट्रियाने ती पुढे मागे घेतली. टाकी घट्ट बनवणं अवघड, चामड्याचे वॉशर जपावे लागत, दुरुस्तीला हुशार कारागीर लागे. बंदुकीचं चित्र पाहून ती बनवता येत नव्हती.

पीसीपीचं पुनरुज्जीवन १९८०च्या आसपास ब्रिटनमध्ये झालं. जनावरांना गुंगीचं औषध मारायच्या बंदुका बनवणारी डेस्टेट त्यात पुढे होती. २०१० नंतरच्या दशकात मात्र बुलपपचा पूर आला. रशियाची एडगन मॅटाडोर, चेक प्रजासत्ताकाची कॅलिबरगन क्रिकेट, स्वीडनच्या एफएक्सची वाइल्डकॅट आणि मग इम्पॅक्ट, डेस्टेटची इलेक्ट्रॉनिक चापाची पल्सार, एअर आर्म्सची गॅलाहॅड. त्यांच्या आगेमागे तुर्कस्तानच्या हात्सान आणि क्राल कंपन्या, चीनची स्नोपीक. पाच-सहा वर्षांत एकाच घाटाच्या इतक्या बंदुका आल्या की लांबून ओळखणं कठीण व्हावं.

यातल्या प्रत्येकीला चोर ठरवणं मला पटत नाही. शंभर वर्षं जुन्या मांडणीवर कोणाचं पेटंट उरत नाही. भारतात तरी पेटंट २० वर्षांचं आणि डिझाइनची नोंदणी फार तर १५ वर्षांची. शिवाय गालाखाली सिलिंडर, वर नळी, तिच्यावर दुर्बीण असं ठरल्यावर आकार आपोआप सारखा येतो. नावावरूनही आता काही कळत नाही. जिच्या नकला जगभर झाल्या त्या डायनाची स्टॉर्मरायडर ही स्वस्त पीसीपी चीनची स्नोपीकच बनवते. ब्रिटनच्या वेबली नावाच्या बंदुका तुर्कस्तानात घडल्या. अशा वेळी ‘कुठल्या देशाची’ या प्रश्नापेक्षा ‘आत काय केलंय’ हा प्रश्न कामाचा.

संभाजीनगरचं हिमरू आठवावं. ते निघालं किनखाबाचं स्वस्त प्रतिरूप म्हणून. जरीऐवजी सूत आणि रेशीम. पण विणकरांनी माग समजून घेतला, म्हणून ती स्वतंत्र कला झाली. बंदुकीतही समजून केलेली नक्कल आणि फोटो पाहून केलेली नक्कल यांत एवढाच फरक असतो.

तो फरक सगळ्यात आधी चापात जाणवतो. बुलपपमध्ये चाप पुढे आणि यंत्र मागे, मध्ये वीतभर किंवा जास्त लांबीचा दांडा. हा दांडा ढकलून काम करत असेल तर तो किंचित वाकतो आणि बोटाला मऊ, लांबलेला ओढा लागतो. ओढून काम करणारा दांडा ताणाखाली सरळ राहतो, म्हणून बारीक असूनही चालतो. पिनांची भोकं सैल असतील तर तेवढी ढिलाई बोटापर्यंत पोचते. महाग बंदुकीत या भोकांवर आणि पिनांवर पैसा खर्च झालेला असतो, आणि तो फोटोत दिसत नाही. डेस्टेटने पल्सारमध्ये दांड्याऐवजी विजेची तार घातली, ती याच अडचणीवरची तोड.

दुसरी गोष्ट नळी. जर्मनीची लोथार वॉल्टर ही कंपनी कित्येक उत्पादकांना नळ्या पुरवते. एफएक्सने ‘स्मूद ट्विस्ट’ काढली, तिच्यात आटे, म्हणजे छऱ्याला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, आतून कापण्याऐवजी नळीवर बाहेरून दाब देऊन उठवतात. पण चांगली नळी विकत आणूनही बंदूक बिघडवता येते. छर्रा ज्या तोंडातून नळीत शिरतो ते तोंड नळीच्या मध्याशी जुळलेलं नसेल, हवेच्या भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कोर, राहिली असेल किंवा पुढचं टोक तिरकं कापलं असेल, तर शिशाचा मऊ छर्रा प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने खरचटतो. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या शॉपमध्ये डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना भाग मध्यापासून किती हलतो ते, पाहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेल्या पोरांना तर मुळीच नाही. ठाणे जिल्ह्यातली प्रिसिहोल ही कंपनी खोल भोकं पाडायची यंत्रं बनवता बनवता एअर रायफलीकडे वळली, यात म्हणूनच मला नवल वाटत नाही. नळी म्हणजे शेवटी एक खोल, सरळ भोक.

तिसरी गोष्ट हवा. रेग्युलेटर चांगला असेल तर सिलिंडरमधला दाब उतरत गेला तरी प्रत्येक छऱ्यामागे तेवढीच हवा सुटते. तो नसेल किंवा गळका असेल तर पहिला आणि विसावा छर्रा एका जागी लागत नाहीत. आपल्याकडच्या उन्हाचाही इथे संबंध येतो. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर परभणी-नांदेडच्या मे महिन्यात ४५ अंशांवर गेला की दाब २१३ बारच्या आसपास पोचतो. चांगल्या सिलिंडरला हे काहीच नाही. पण धातूची प्रत आणि तोंडाच्या पेचाच्या आट्यांची खोली माहीत नसलेला सिलिंडर गालाखाली घेऊन बसणं मला भीतीचं वाटतं. बुलपपमध्ये तो खरोखरच गालाखाली असतो. आकाराच्या नकलेत सगळ्यात जास्त जोखीम इथे आहे, आणि किंमत पाहून घेणारा माणूस ती विचारतही नाही. हवा भरायच्या वेगळ्या टाक्यांना गॅस सिलिंडर्स रूल्स २०१६ लागू आहेत आणि त्या पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या शेजारी नागपूरला आहे. टाकीवरचा शिक्का तपासून घेणं एवढं तरी करावंच.

एक दोष ओरिजिनलमध्येही राहतो. बुलपपवर दुर्बीण उंच बसते, नळीपासून सहा-सात सेंटिमीटर वर. जवळच्या निशाण्यावर छर्रा खाली लागतो आणि बंदूक जरा कलली तरी नेम बाजूला जातो. १० मीटरच्या स्पर्धेत बुलपप दिसत नाही. तिथे साडेसात जूलच्या आसपासची ताकद पुरते आणि आखूडपणाचा काही फायदा नसतो.

भारतात आणखी एक चौकट आहे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअर, आणि २० जूल या मर्यादेच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही; बोअर किंवा ताकद यांपैकी एक जरी ओलांडली तरी लागतो. ब्रिटनची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे १६ जूलच्या जरा वर, जर्मनीची ७.५ जूल. ज्वारीवर पोपट उतरतात म्हणून कोणी शेतात ही बंदूक वापरू पाहील, तर पोपट वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि परवाना लागत नाही म्हणून शिकार चालते असं नाही. त्याला गोफणीचा आवाज पुरतो.

आणि खोक्यावरचे आकडे. ८.४४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा नेहमीचा छर्रा २० जूलला सेकंदाला सुमारे २७० मीटर, फुटांत ८९०च्या आत जातो. त्याच छऱ्याला १२०० फूट वेग म्हणजे ३६ जूलच्या वर. शिशाशिवायच्या अगदी हलक्या, पाच ग्रेनच्या छऱ्यालाही १२०० फुटांवर २० जूल ओलांडले जातात. तेव्हा विनापरवाना म्हणून विकलेल्या बुलपपच्या खोक्यावर १२०० फूट छापलेलं असेल, तर एक तर तो आकडा खोटा आहे किंवा ती बंदूक मर्यादेबाहेरची आहे. क्रोनोग्राफवर, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पाच छर्रे मारून पाहिले की यातलं खरं काय ते दुकानातच कळतं.