तात्पुरते मद्यवर्जन

एरवी मद्य घेणाऱ्या व्यक्तीने ठरावीक मुदतीपुरते मद्य पूर्णपणे बंद ठेवणे. मुदत बहुधा एक महिन्याची असते आणि ती संपल्यावर पुन्हा घेण्याची मुभा गृहीत धरलेली असते. त्यामुळे आजन्म वर्जन किंवा व्यसनमुक्तीचे उपचार यांत या प्रथेची गणना करीत नाहीत.

उगम : या प्रथेच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. ख्रिस्ती लोकांच्या लेंट या उपवासकाळात ऐच्छिक मद्यत्याग करण्याची रीत जुनी आहे. बौद्धांच्या वर्षावासात थायलंडमध्येही तीन महिने मद्य सोडणारे आढळतात. काही लेखक येथूनच सुरुवात मानतात. मात्र या त्यागामागे धर्माचरणाची प्रेरणा असते, आरोग्याची नव्हे. एकोणिसाव्या शतकातील मद्यपानविरोधी चळवळीशी जोडलेला संबंधही तितकासा पटत नाही. फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे सुरू केलेली शपथ संपूर्ण वर्जनाची होती. विरामाची कल्पना तीत नव्हती. ‘कोरडा महिना’ या स्वरूपाचा सर्वांत जुना दाखला म्हणून फिनलंडचा निर्देश करतात. सोव्हिएट संघाशी युद्ध चालू असताना, बहुधा १९४२ च्या जानेवारीत, तेथे मद्यमुक्त महिन्याचे आवाहन झाले, असे सांगितले जाते. परंतु तो युद्धकालीन काटकसरीचा भाग दिसतो आणि पुढील मोहिमांशी त्याचा थेट धागा जुळत नाही.

आजच्या स्वरूपाचा उगम एकविसाव्या शतकातील मोहिमांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये ‘ड्राय जुलै’ सुरू झाला. त्याचा हेतू कर्करुग्णांसाठी निधी उभारण्याचा होता. ब्रिटनमध्ये एमिली रॉबिन्सन यांनी २०११ मध्ये अर्धमॅरेथॉनच्या तयारीसाठी जानेवारीभर मद्य सोडले. पुढे त्या मद्याच्या दुष्परिणामांविषयी काम करणाऱ्या ‘अल्कोहोल कन्सर्न’ या संस्थेत दाखल झाल्या आणि संस्थेने २०१३ मध्ये पहिला ‘ड्राय जॅन्युअरी’ घेतला. बेल्जियममध्ये २०१७ पासून फेब्रुवारीत, तर फ्रान्समध्ये २०२० पासून जानेवारीत अशी मोहीम असते.

परिणाम : ‘महिनाभरात शरीर धुऊन निघते’ हा समज भाबडा आहे. रक्तातील मद्य काही तासांत, फार तर दिवसभरात निघून जाते. बदल होतो तो त्यामुळे बिघडलेल्या क्रियांत. लंडनमधील एका अभ्यासात (२०१८) मध्यम ते अधिक पिणाऱ्या ९४ जणांनी महिनाभर मद्य सोडले. न सोडणाऱ्या ४७ जणांशी त्यांची तुलना करण्यात आली. वर्जन करणाऱ्यांत इन्शुलिनरोध (शरीराने इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणे) सुमारे २५ टक्क्यांनी, रक्तदाब सुमारे ६ टक्क्यांनी आणि वजन दीड टक्क्याने घटले. मात्र गट यादृच्छिक पद्धतीने पाडलेले नव्हते, शिवाय मापने महिना संपताच घेतलेली होती. सुधारणा पुढे किती टिकते हे त्यांवरून ठरत नाही. यकृतात साठलेली चरबी काही आठवड्यांत उतरू लागते. सिरोसिस या यकृताच्या जुनाट विकारातील व्रण मात्र एका महिन्याने भरून येत नाहीत. यकृताच्या तपासणीतील जीजीटी हे विकर निम्म्यावर यायलाच दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभरात पुन्हा तपासणी करून निष्कर्ष काढू नये.

वर्तनावरील परिणाम अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. ससेक्स विद्यापीठातील रिचर्ड डी व्हिसर व सहकाऱ्यांच्या पाहणीत (२०१६) सहभागी ८५७ जणांचे पिणे सहा महिन्यांनंतरही आधीपेक्षा कमी होते आणि आग्रह झाला असता नाही म्हणण्याचा आत्मविश्वास वाढलेला होता. महिना पुरा करू न शकलेल्यांतही, कमी प्रमाणात का होईना, हा फरक आढळला. अर्थात, अशा मोहिमांत आधीच मन बनवलेले लोक उतरतात, हे लक्षात घेतले पाहिजे.

धोका : ज्यांचे शरीर मद्यावर अवलंबून आहे त्यांनी ते एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. दीर्घकाळ मद्याने दबलेली चेतासंस्था, मद्य बंद होताच अतिउत्तेजित होते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हाताला कंप, घाम, धडधड व निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडीचे झटके येऊ शकतात, तर दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास व तीव्र ज्वर असलेली डिलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था उद्भवते. सकाळी उठल्याउठल्या हात थरथरतो आणि पहिल्या घोटाने थांबतो, अशा व्यक्तीने कोणत्याही मोहिमेत उतरण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवणे अत्यावश्यक आहे. उपचारात बेंझोडायझेपीन गटातील शामक औषधे उतरत्या मात्रेत, तसेच थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात.