शेजाऱ्याला पटवून सांगताना

एक अवजड ट्रक आणि एक छोटी कार समोरासमोर धडकतात. कोणाचं बल कोणावर जास्त? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले विद्यार्थीसुद्धा इथे 'ट्रकचं कारवर' म्हणून मोकळे होतात. खरं तर दोन्ही बलं सारखीच असतात. कार हलकी, म्हणून तेवढ्याच बलानं तिच्या वेगात जास्त फरक पडतो.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी वर्गाला अशाच प्रश्नांची चाचणी दिली, तेव्हा एकानं विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की मला एरवी वाटतं तशी? त्या प्रश्नानं त्यांची झोप उडाली. १९९१पासून त्यांनी पद्धत बदलली. आधी प्रश्न फळ्यावर. प्रत्येकानं न बोलता आपलं उत्तर ठरवायचं. मग वेगळं उत्तर असलेला शेजारी गाठायचा आणि त्याला पटवायचं. वर्गात एकच गलका होतो. नंतर पुन्हा उत्तर द्यायचं, आणि बरोबर उत्तरं हटकून वाढलेली असतात.

पण हुशार मुलाचं ऐकून बाकीचे हात वर करत असतील तर? ही शंका रास्त आहे, आणि तिचा फार सुंदर निकाल कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९मध्ये लावला. जनुकशास्त्राच्या वर्गात पहिल्यांदा ५२ टक्के उत्तरं बरोबर आली, चर्चेनंतर ६८ टक्के. बरोबर उत्तर कोणतं, हे मात्र अजून सांगितलेलंच नव्हतं. लगेच त्याच संकल्पनेवरचा, पण वरवर वेगळा दिसणारा प्रश्न प्रत्येकाला एकट्यानं सोडवायला दिला: ७३ टक्के! नक्कल केली असती तर हा आकडा खाली यायला हवा होता. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, विश्लेषणातून असं दिसलं की ज्या गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, तिथेही चर्चेतून समज वाढत होती.

हे होतं कसं? मनातल्या मनात सगळं समजल्यासारखं वाटतं. दुसऱ्याला सांगायला तोंड उघडलं की 'म्हणजे... त्यामुळे...' करत आपण नेमके कुठे अडखळतो ते कळतं. शिवाय शेजाऱ्याला ती गोष्ट नुकतीच उमगलेली असते, त्यामुळे ठेच कुठे लागते हे त्याला अजून आठवत असतं. प्राध्यापक ते केव्हाच विसरून गेलेले असतात.

नुसते गट पाडून मात्र भागत नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. प्रकल्पाची पानं चौघांत वाटून घ्यायची आणि शेवटी एकत्र पिन मारायची, यात कुणी कुणाकडून काही शिकत नाही. दोरी ओढणारे वाढले की प्रत्येकाचा जोर कमी पडतो, हे रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्यानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच मोजून दाखवलं होतं.

यावर ओक्लाहोमा विद्यापीठातल्या लॅरी मायकेलसन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक नामी तोडगा काढला. पाच ते सात जणांचा चमू सत्रभर तोच. चाचणी आधी एकट्यानं द्यायची, मग तोच पेपर चमूनं मिळून. चमूसाठी आज अनेक ठिकाणी खरवडायचं कार्ड वापरतात. पर्यायावरचा थर नखानं खरवडायचा. खाली चांदणी निघाली तर बरोबर, नाही तर पुन्हा वाद आणि पुढच्या खेपेला गुण कमी. सगळी डोकी त्या एका चौकोनावर वाकलेली असतात. गप्प बसणाऱ्याचं उत्तर एकदा बरोबर निघालं की पुढच्या वेळी चमू आपणहून त्याला विचारतो.

विद्यार्थ्यांना मात्र हे नेहमी आवडतंच असं नाही. हार्वर्डमधल्या २०१९च्या प्रयोगात अशा सक्रिय वर्गात मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं, आणि वाद घालताना डोकं शिणतं. हा शीण म्हणजेच शिकणं चालू असल्याची खूण, हे सत्राच्या सुरुवातीलाच आकडेवारीसह समजावून सांगावं, असं त्या संशोधकांनी सुचवलं. तसं सांगितल्यावर बऱ्याच मुलांचं मत पालटलंही.