शिकारीचा गाइड व्हायचं का? ह्या प्रश्नामागची पार्श्वभूमी

ठाण्याच्या येऊरच्या जंगलात लोकांना ट्रेलवर नेताना गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याचदा आलाय, आणि विचारणारी बहुतेक ठाणे-ऐरोलीतली, रायफल शूटिंगला जाणारी विशीतली पोरं असतात. बाहेरच्या देशात शिकारीचे गाइड असतात, आउटफिटर म्हणजे शिकारीची सगळी व्यवस्था लावून देणारे असतात, पगार चांगला असतो, तर आपण ते करावं का, आणि इथे का नाही करता येत. माझं म्हणणं एवढंच की ठरवायच्या आधी हे काम आपल्याकडे कसं होतं आणि कसं बंद झालं ते नीट कळायला पाहिजे. राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या शिकारी सगळ्यांनी वाचलेल्या असतात, त्या सोडून देतो.

साहेबांच्या काळातला एकच मुद्दा घेतो, शब्दाचा. आपण मराठीत शिकारी म्हणतो तो बंदूक चालवणारा. पण त्यांच्या इंग्रजीत शिकारी म्हणजे बरेचदा बरोबरचा गावातला माणूस, माग काढणारा, मचाण बांधणारा, हाका, म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हाकणं, कुठून सुरू करायचा ते ठरवणारा, म्हणजे आज ज्याला गाइड म्हणतात तोच. आणि हीच विद्या पोटासाठी वापरणारा पारधी मात्र इंग्रजांच्या, अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याखाली आला, तो कायदा गेला १९५२ ला, शिक्का अजून गेलेला नाही.

आउटफिटर हा धंदा आपल्याकडे खरा फोफावला तो स्वातंत्र्यानंतर, पन्नास आणि साठच्या दशकात. शिकार कंपन्या निघाल्या, गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी. कंपनीने शूटिंग ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी राखलेला जंगलाचा तुकडा, ठरावीक दिवसांसाठी बुक करायचा, परमिट काढायचं, जीप, तंबू, आचारी, हाकेवाले सगळं जमवायचं, आमिष म्हणून रेडकू बांधायचं आणि पाहुण्याला मचाणावर नेऊन बसवायचं. मध्य भारतात, आपल्या विदर्भाच्या बाजूला, हे जोरात होतं. पैसा डॉलरमध्ये यायचा, म्हणून सरकारलाही तो हवा होता. हाकेवाल्याला मिळायची रोजंदारी.

१९६९ ला दिल्लीत निसर्ग संवर्धनाची मोठी आंतरराष्ट्रीय सभा झाली, वाघाची अवस्था जगासमोर आली, आणि १९७० ला वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. कंपन्यांनी विरोध केला, परकीय चलन बुडेल म्हणून. पण १९७२ च्या गणतीत वाघ भरले १,८२७, त्यापुढे चलनाचा मुद्दा काय टिकणार.

आता जिथे सगळ्यांचा घोळ होतो ते. ‘१९७२ ला भारतात शिकार बंद झाली’ हे आपण सगळेच बोलतो, मीही बरीच वर्षं बोलायचो, पण ते अर्धंच खरं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पहिल्या परिशिष्टातल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण दिलेल्या, प्राण्यांची शिकार बंद केली, बाकी बऱ्याच प्राण्यांसाठी लायसन्स ठेवलं होतं, मोठ्या शिकारीचं वेगळं, छोट्या शिकारीचं वेगळं, अगदी प्राणी सापळ्यात धरण्याचंही वेगळं. म्हणजे कागदावर गाइडचं काम अजून शिल्लक होतं. ते संपलं १९९१ च्या दुरुस्तीत, लायसन्स देणारं कलम ९ बदललं आणि शिकारीच्या नियमांची कलमं १३ ते १६ सरळ काढून टाकली. आज कायद्याचं पुस्तक उघडलं तर १३ ते १६ च्या जागी फक्त ‘वगळले’ असं दिसतं. आमच्या आधीच्या पिढीतले लोक ‘आमच्या वेळी लायसन्स मिळायचं’ म्हणतात तेव्हा ते थापा मारत नसतात, ते ह्या मधल्या १९ वर्षांबद्दल बोलत असतात.

आणि दुसरं, ह्याहून महत्त्वाचं. कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारणं एवढी नाही. पकडणं, फासे लावणं, सापळा लावणं, हाकून काढणं, आमिष बांधणं, आणि ह्यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं शिकारच. ‘मी गोळी नाही झाडली, मी फक्त दाखवलं’ असं म्हणणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम वाचायला लावतो, कारण गाइडचं जवळजवळ सगळं काम ह्या व्याख्येतच बसतं.

राहतं कलम ११. माणसाच्या जिवाला धोका झालेलं जनावर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकमावरून मारता येतं. २०१८ ला यवतमाळमध्ये वाघिणीसाठी बाहेरून खाजगी नेमबाज आणला, तिला मारलं आणि केवढा वाद झाला, बेशुद्ध करायचा प्रयत्न खरंच झाला का इथपर्यंत. त्याला करिअर म्हणता येणार नाही, आणि माझ्या मते होऊही नये.

बाहेरचंही स्थिर नाही. केनियाने शिकार १९७७ ला बंद केली ती बंदच आहे, बोट्स्वानाने २०१४ ला बंद करून २०१९ ला परत उघडली. दक्षिण आफ्रिकेत आउटफिटर आणि प्रोफेशनल हंटर ह्यांची परवानगी वेगवेगळी, नामिबियात हंटिंग गाइड, मास्टर हंटिंग गाइड अशा पायऱ्या आहेत. म्हणजे जायचं तर तिथलं शिक्षण, तिथली परीक्षा, आणि धोरण बदललं की काम एका रात्रीत जाऊ शकतं, जसं इथे गेलं.

काम गेलं पण विद्या राहिली. येऊरच्या पाड्यावरचे एक आजोबा, त्यांचे वडील हाक्याला जायचे, त्यांनी मला एकदा पहाटे ओल्या मातीत बिबट्याचा माग दाखवला. आधी वाकले नाहीत, ऊन तिरपं येईल अशा बाजूला जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, ‘नख उमटलं नाय म्हणजे कुत्रा नाय. आणि बघ, ह्याच्यावर दवाचे ठिपके पडलेत, म्हणजे दव पडायच्या आधीच गेला तो.’ एवढं वाचायला मला त्यानंतर दोन वर्षं लागली.

खाडीवरही अशीच विद्या लागते. ठाणे खाडीचा साधारण १,६९० हेक्टरचा भाग २०१५ ला फ्लेमिंगोंचं, म्हणजे रोहित पक्ष्यांचं, अभयारण्य झाला, आणि २०२२ ला खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. ऐरोलीहून नाव भरतीच्या वेळा बघून सुटते, आणि चांगला नाववाला थव्यापासून बराच लांब इंजिन बंद करतो, पाण्याला नाव ओढू देतो, सगळ्यांना खाली बसवतो, आणि रोहित माना खाली घालून खात राहतात.

विचारणाऱ्या पोरांपैकी एक आता रविवारी पहाटे त्या आजोबांबरोबर फिरतो. रायफल त्याने सोडलेली नाही, रेंजवर जातो. नामिबियाचा फॉर्म अजून भरलेला नाही.