आयरिश भाषेतील कृमिवाचक शब्द

आयरिश भाषेत अळी, गांडूळ, जंत यांच्यासाठी मुख्य शब्द दोन: 'पेश्त' आणि 'क्रिव'. यांची वाटणी प्राणिशास्त्राप्रमाणे होत नाही. सडक्या मांसात माशीच्या अंड्यांतून निघणारी अळी ती क्रिव. जनावराच्या पोटातले जंत आणि मातीतले गांडूळ (पेश्त तलून, म्हणजे जमिनीतली पेश्त) हे पेश्त. कोबीवरच्या अळीला मात्र दोन्ही शब्द चालतात. त्याखेरीज सुटे शब्द आहेत: गांडुळाला 'कित्योग', सुरवंटाला 'बोलब', लाकूड पोखरणाऱ्या अळीला 'रेदान', रेशमाच्या किड्याला 'शेरिक्यान'.

क्रिव हा आपल्या 'कृमी'चा सख्खा भाऊबंद. जुन्या आयरिशमध्ये तो 'क्रुइम' असा लिहीत. पुढे स्वरानंतरचा म मऊ होऊन व झाला, पण लेखनात म आजही टिकून आहे, मऊपणा दाखवायला त्यापुढे ह लिहितात एवढेच. वेल्शमध्ये मुळातल्या क-वर्णाचा प होऊन 'प्रिव' झाला. लिथुएनियन 'किर्मिस' आणि फारसी 'किर्म' याच घराण्यातले. इंग्रजी 'वर्म' आणि लॅटिन 'वेर्मिस' यांनाही सर्रास याच रांगेत बसवतात, ते चूक. त्यांचे मूळ वेगळे आहे.

पेश्त उसना आहे. लॅटिन 'बेस्तिया' (जनावर, श्वापद) ख्रिस्ती धर्माबरोबर आलेल्या लॅटिन शब्दांच्या ओघात आयर्लंडला पोचला. त्यामुळे गांडूळ आणि कथांमधला तळ्यातला अजस्र जलसर्प एकाच शब्दाखाली येतात. वेगळेपणा दाखवायचाच तर 'ओल' (थोर) जोडून 'ओलफेश्त' म्हणतात. अरान बेटांपैकी इनिश मोर येथे चुनखडीच्या खडकात जवळजवळ काटकोनी, नैसर्गिक कुंड आहे. त्याचे नाव 'पोल ना बेश्त', पेश्तांचे विवर.

नवशिक्याची गाडी अडते ती इथेच. शब्दाचे पहिले व्यंजन व्याकरणानुसार बदलते: पेश्त, 'अन फेश्त' (ती पेश्त), 'ना बेश्त' (पेश्तांचे). कानावर फ किंवा ब पडला तरी शब्दकोशात प खालीच शोधावे लागते. लेखनात मूळ प दिसतो, म्हणून वाचणाऱ्याला हा त्रास कमी.

'स्नाइम ना पेश्त्ये', म्हणजे पेश्तीची गाठ, हा गुरांच्या पोटदुखीवरचा जुना तोडगा. गाय किंवा वासरू कळांनी लोळू लागले की पोटात पेश्त वळवळते आहे असे मानत. दोरीला वेटोळ्यांची एक विशिष्ट गाठ मारून ती जनावरावर धरायची आणि दोन्ही टोके ओढायची. गाठ नीट बांधलेली असली तर ओढताच सरकन सुटते. एखादे वेटोळे उलटे पडले तर आवळून बसते. सुटली तर गुण येणार. अडकली तर लक्षण वाईट.